सनफ्लॉवर काउंटीचा कापूस आणि सरकारी अनुदान

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या वायव्येला, गाळाच्या सपाट जमिनीत सनफ्लॉवर काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला एखादा मोठा तालुका. कापूस हेच इथलं पिढ्यानपिढ्यांचं पीक. सरकारी पैसा इथे कसा येऊ लागला हे पाहायचं तर 1933 पर्यंत मागे जावं लागतं.

महामंदीत कापसाचा भाव पौंडाला 16-17 सेंटवरून सहा सेंटच्याही खाली आला होता. रूझवेल्ट सरकारने मे 1933 मध्ये कायदा केला: पीक कमी घ्या, त्याचे पैसे सरकार देईल. तोवर कापूस उगवून आला होता. मग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. सऱ्यांमधून चालायला शिकवलेली खेचरं झाडांवर पाय द्यायला तयार होत नसत, असं त्या काळचे लोक सांगत.

भाव सावरले. पण करार होता जमीनमालकाशी, आणि जमीन कसणारे बहुतेक कृष्णवर्णीय बटाईदार होते. त्यांचा वाटा पुष्कळदा मालकाच्या उधारीच्या वहीतच वळता होई. पेरा घटल्यावर माणसंही कमी लागू लागली आणि कुटुंबंच्या कुटुंबं मळ्यांबाहेर पडली. बटाईदारांना शक्य तोवर काढू नये, असं करारात होतं. कृषी खात्यातल्या काही वकिलांनी त्याचा अर्थ बटाईदारांच्या बाजूने लावला, तेव्हा फेब्रुवारी 1935 मध्ये कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी त्या वकिलांनाच घरी पाठवलं. पैसा कसणाऱ्याचा की सातबारावाल्याचा, हा आपल्याकडचाही प्रश्न. तिथे त्याचं उत्तर मला वाटतं त्याच महिन्यात ठरून गेलं.

अंमलबजावणी होती काउंटी समितीकडे. कोणाला किती एकर कापूस लावता येईल, हे स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेली ही समिती ठरवी. नागरी हक्क आयोगाने 1965 मध्ये अहवाल दिला, तेव्हा दक्षिणेतल्या या समित्यांवर एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. त्याची किंमत पुढे न्यायालयात दिसली: कर्ज आणि मदत देताना झालेल्या भेदभावाबद्दल कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी सरकारला 1999 मध्ये तडजोड करावी लागली, आणि 2010 मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलर मंजूर झाले.

साठच्या दशकात सनफ्लॉवर काउंटीतली दरी साऱ्या देशाला दिसली. सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा पाच हजार एकरांहून मोठा मळा इथलाच. त्यांना वर्षाला लाख डॉलरहून अधिक अनुदान मिळत होतं. याच काउंटीत रूलव्हिलजवळच्या मळ्यावर फॅनी लू हेमर या कृष्णवर्णीय बाई राबत. ऑगस्ट 1962 मध्ये मतदार नोंदणीला गेल्या म्हणून त्यांना मळ्यावरून हाकललं गेलं. 1969 मध्ये त्यांनी 40 एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभी केली. भाजीपाला पिकवायचा, डुकरं पाळायची, म्हणजे काढून टाकलेल्या कुटुंबांची चूल पेटत राहील. या बाईंची ही धडपड मला सगळ्या कायद्यांपेक्षा मोलाची वाटते.

मोठ्या रकमांवर ओरड झाल्यावर 1970 च्या कायद्याने एका व्यक्तीला एका पिकासाठी 55,000 डॉलरची मर्यादा घातली. मग मळे कागदोपत्री नातेवाईक आणि भागीदारांत विभागले जाऊ लागले. 1996 नंतर भाव काहीही असो, शेतकऱ्याला ठरावीक थेट रक्कम मिळू लागली, ती 2014 मध्ये बंद झाली.

त्याच सुमारास बाहेरूनही दबाव होता. अमेरिकी अनुदानामुळे जगभर कापसाचे भाव पडतात, ही ब्राझीलची तक्रार जागतिक व्यापार संघटनेने 2005 मध्ये उचलून धरली. 2014 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला. यवतमाळ-अकोल्याच्या कापूसवाल्यांनाही पडत्या जागतिक भावाची झळ बसत होती. त्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

2018 मध्ये सरकीसह कापूस पुन्हा अनुदानाच्या यादीत आला. भाव किंवा उत्पन्न घसरलं की आता पैसे मिळतात. तेही त्या वर्षी काय पेरलं यावर नव्हे, तर शेताच्या नावे पूर्वीपासून नोंदलेल्या एकरांवर.