डिपेश मोड : स्टुडिओ अल्बम

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील बॅसिल्डन या गावात १९८० मध्ये डिपेश मोड हा न्यू वेव्ह (पंक रॉकनंतर आलेली, सिंथेसायझरचा भरपूर वापर करणारी पॉप-रॉक शैली) बँड उभा राहिला. १९८१ ते २०२३ या काळात त्याचे १५ स्टुडिओ अल्बम निघाले. बहुतेक गाणी मार्टिन गोर यांनी लिहिलेली आणि बहुतेक डेव्ह गाहन यांनी गायलेली. तरीही १९८२ चा आणि १९९० चा अल्बम लागोपाठ ऐकले, तर हा एकच बँड आहे यावर विश्वास बसत नाही. गाण्याचे शब्द आणि चाल गोर यांची असली, तरी तिला साज चढवणारे हात बदलत गेले. म्हणून या अल्बमांचा इतिहास संगीत संयोजनाच्या अंगाने पाहिला की नीट उलगडतो.

‘स्पीक अँड स्पेल’ (१९८१) हा पहिला अल्बम मात्र बँडचे एक संस्थापक व्हिन्स क्लार्क यांचा म्हणावा लागेल. दोन रचना वगळता सगळी गाणी त्यांची आहेत. ‘म्यूट’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीचे मालक डॅनियल मिलर यांनी कागदोपत्री करार न करता, तोंडी बोलीवर बँडला जवळ केले. ध्वनिमुद्रण लंडनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत चालणाऱ्या ब्लॅकविंग स्टुडिओत झाले. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ हे उड्या मारायला लावणारे गाणे याच अल्बमातले. अल्बम निघाला आणि त्याच वर्षअखेरीस क्लार्क बाहेर पडले. गीतलेखन अचानक गोर यांच्या अंगावर पडले. गाहन, गोर आणि की-बोर्डवादक अँडी फ्लेचर या उरलेल्या तिघांनीच केलेला ‘अ ब्रोकन फ्रेम’ (१९८२) चाचपडता आहे. त्यातली गाणी आज थोडी कोवळी वाटतात, पण विळ्याने पीक कापणाऱ्या बाईचे ब्रायन ग्रिफिन यांनी टिपलेले मुखपृष्ठ कायमचे लक्षात राहते.

ॲलन वाइल्डर बँडमध्ये आले आणि चित्र पालटले. पियानोचे रीतसर शिक्षण घेतलेल्या वाइल्डर यांचा खरा जीव स्टुडिओत रमत असे. ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’ (१९८३) पासून बँडच्या हाती सॅम्पलर हे आवाज साठवून वाजवणारे यंत्र आले. मिळेल त्या वस्तूचा आवाज टेपवर घ्यायचा आणि तो की-बोर्डवर वाजवायचा, हा छंदच जडला. पूर्व लंडनच्या शोरडिच भागात पत्रे, नळ, लोखंड बडवून गोळा केलेल्या आवाजांवर ‘पाइपलाइन’ हे गाणे उभे आहे. अल्बमचे मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचे काम) बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत, ध्वनिमुद्रक गॅरेथ जोन्स यांच्या देखरेखीखाली झाले. ‘सम ग्रेट रिवॉर्ड’ (१९८४) मध्ये हाच ठोकाठोकीचा आवाज ‘पीपल आर पीपल’ने घरोघरी पोचवला. ‘ब्लॅक सेलिब्रेशन’ (१९८६) मध्ये तर ‘स्ट्रिप्ड’चा पायाभूत ताल चालू मोटारसायकलच्या इंजिनाचा आहे. गती मंदावल्याने ते यंत्र श्वास घेतल्यासारखे वाटते. या अल्बमात गोर यांनी चार गाणी स्वतः गायली आहेत. गाहन यांचा खर्जातला भारदस्त आवाज आणि गोर यांचा हळवा, वरच्या पट्टीतला आवाज यांचा खेळ इथून पुढे बँडची ओळख बनला.

‘म्युझिक फॉर द मासेस’ (१९८७) या अल्बमच्या दौऱ्याची सांगता १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे, रोझ बोल स्टेडियममध्ये झाली. सुमारे ६०,००० लोक जमले होते. तो दौऱ्यातला १०१ वा कार्यक्रम.

‘व्हायोलेटर’ (१९९०) हे या बँडचे शिखर, असे बहुतेक समीक्षक मानतात आणि ते पटण्यासारखे आहे. सहनिर्माते फ्लड होते. त्यांनी आणि वाइल्डर यांनी काय केले, हे ‘एन्जॉय द सायलेन्स’वरून कळते. गोर यांनी आणलेला नमुना हार्मोनियमच्या साथीवर सावकाश म्हटलेला, जवळपास प्रार्थनेसारखा होता. वाइल्डर यांना त्यात नाचाची लय दिसली. गोर यांना ही सूचना सुरुवातीला रुचली नाही. पण डेन्मार्कमधल्या स्टुडिओत फ्लड आणि वाइल्डर यांनी ठेका आणि साथ बांधून दाखवली. मग गोर यांनीच त्यावर गिटारची छोटी सुरावट बसवली. आज गाणे ओळखू येते ते त्या सुरावटीवरून. उदास शब्द आणि पाय थिरकवणारा ठेका यांची अशी सांगड या बँडलाही पुन्हा क्वचितच जमली. अल्बमात केवळ नऊ गाणी आहेत. फापटपसारा कुठेच नाही.

पुढच्या ‘साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन’ (१९९३) साठी माद्रिदमध्ये घर भाड्याने घेऊन सगळे एकत्र राहिले. त्याने जवळीक वाढण्याऐवजी तणावच वाढला. गिटार पुढे आली, वाइल्डर ड्रम्सवर बसले, गॉस्पेल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताची छाया पडली. अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतरचा दीर्घ दौरा सगळ्यांना पिळून काढणारा ठरला आणि १९९५ मध्ये वाइल्डर यांनी बँड सोडला. ही पोकळी पुढे कधीच पूर्ण भरली नाही.

‘अल्ट्रा’ (१९९७) निर्माते टिम सिमेनन यांच्या साथीने झाला. त्या काळात अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे गाहन मृत्यूच्या दारातून परतले होते, हे ठाऊक असेल तर ‘बॅरल ऑफ अ गन’ ऐकताना अंगावर काटा येतो. निर्माते मार्क बेल यांच्यासोबतचा ‘एक्सायटर’ (२००१) मृदू आणि विरळ आहे. निर्माते बेन हिलियर यांच्यासोबत ‘प्लेइंग द एंजल’ (२००५), ‘साउंड्स ऑफ द युनिव्हर्स’ (२००९) आणि ‘डेल्टा मशिन’ (२०१३) असे तीन अल्बम झाले. पैकी पहिल्यात गाहन यांची गाणी प्रथमच समाविष्ट झाली. तिघांत तोच सर्वांत दमदार आहे. जेम्स फोर्ड निर्मित ‘स्पिरिट’ (२०१७) मध्ये राजकीय संताप उघडपणे आला.

मे २०२२ मध्ये फ्लेचर यांचे निधन झाले. त्यांचा वाटा सुरावटींत फारसा ऐकू येत नसला, तरी गोर आणि गाहन यांच्यातला दुवा तेच होते. ‘मेमेंटो मोरी’ (२०२३) ची गाणी आणि शीर्षक त्यांच्या निधनाआधीच ठरले होते. पण आता ते ऐकताना फ्लेचर आठवतातच. यातली चार गाणी गोर यांनी द सायकेडेलिक फर्स या बँडचे गायक रिचर्ड बटलर यांच्यासह लिहिली, तर ‘वॅगिंग टंग’ हे गाणे उरलेल्या दोघांनी, गोर आणि गाहन यांनी, मिळून रचले.