गृहकर्जाच्या धंद्यातली प्रायव्हेट इक्विटी

प्रायव्हेट इक्विटी फर्म म्हणजे पेन्शन फंड, विमा कंपन्या, बडे श्रीमंत यांचा पैसा एकत्र करून कंपन्या विकत घ्यायच्या, वाढवायच्या आणि काही वर्षांनी विकून मोकळं व्हायचं, हा व्यवसाय करणारी संस्था. होम लोनमध्ये ही मंडळी आपल्याला कर्ज देत नाहीत, कर्ज देणारी कंपनीच घेतात. सँक्शन लेटरवर नाव हाउसिंग फायनान्स कंपनीचंच असतं त्यामुळे मागे मालक कोण हे कर्जदाराला बहुतेकदा कळतही नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण आधार हाउसिंग फायनान्सचं. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने कर्जाचे हप्ते थकवले, बाजारातला पैसा आटला, वाधवान ग्रुपची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी अडचणीत आली आणि ग्रुपने आधारमधला हिस्सा विकायला काढला, तो जून २०१९ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकन प्रायव्हेट इक्विटी फर्मने घेतला आणि वर ८०० कोटींचं नवं भांडवलही घातलं. या भांडवलाला फार महत्त्व आहे, कारण अशी कंपनी लोकांच्या बचत खात्यांवर चालत नाही, तिला बँकांकडून आणि नॅशनल हाउसिंग बँकेकडून (गृहकर्ज कंपन्यांना पैसा पुरवणारी सरकारी संस्था) उसने घेऊन पुढे द्यावं लागतं, स्वतःचं भांडवल भक्कम आणि मालक भरवशाचा असला तर तिला उसनं स्वस्तात मिळतं आणि शाखा वाढवता येतात.

ग्राहकांत बरेच जण म्हणजे रिक्षावाले, टेलर, भाजीवाले, ज्यांच्याकडे ना सॅलरी स्लिप ना आयटी रिटर्न. इथे कंपनीचा माणूस दुकानात बसून रोजचा गल्ला बघतो आणि त्यावरून हप्ता किती झेपेल ते ठरवतो. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. व्याज मात्र बँकेपेक्षा बरंच जास्त पडतं.

खरी अडचण काळाची आहे. कर्ज २० वर्षांचं, फंड मात्र साधारण ५ ते ७ वर्षांत बाहेर पडायला बघतो. मे २०२४ मध्ये आधारचा ३,००० कोटींचा आयपीओ (शेअर्सची पहिली जाहीर विक्री) आला, त्यातले २,००० कोटी ब्लॅकस्टोनने विकलेल्या शेअर्सचे होते, कंपनीत १,००० कोटीच आले. शेअर्सच्या भावावरूनही अडचण येते. पीएनबी हाउसिंग या दुसऱ्या गृहकर्ज कंपनीत कार्लाइल या अमेरिकन प्रायव्हेट इक्विटी फर्मच्या पुढाकाराने ४,००० कोटींचे शेअर्स ३९० रुपये भावाने द्यायचं २०२१ मध्ये ठरलं होतं, पण स्वतंत्र मूल्यांकन नाही म्हणून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने अडवलं आणि ऑक्टोबरमध्ये तो बेत सोडून द्यावा लागला.

मालक बदलला तरी कर्जाचा करार तोच राहतो. आणि फ्लोटिंग रेटचं (बदलत्या व्याजदराचं) घरासाठीचं कर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, म्हणून काही वर्षं हप्ते नीट भरून सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) चांगला झाला की बँकेत बॅलन्स ट्रान्सफरसाठी (उरलेलं कर्ज तिकडे हलवण्यासाठी) जरूर विचारावं.