टार्गेट ओढून व्हीई दुरुस्त होत नाही

कुणाचाही स्वतः केलेला मॅप (ईसीयू या इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंधनाची टेबलं) उघडला, की एक ठरलेली चूक हमखास सापडते. मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) येतंय म्हणून एएफआर टार्गेटचा, म्हणजे हव्या असलेल्या हवा-पेट्रोल गुणोत्तराचा, आकडा खाली ओढलेला असतो. कळकळीने सांगतो, हे करू नका.

व्हीई (व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी) टेबल तुम्हाला माहीतच आहे: अमुक आरपीएमला, अमुक मॅनिफोल्ड प्रेशरला सिलिंडर किती टक्के भरतो. टार्गेट टेबलाचे अक्ष बहुतेक वेळा तेच, स्क्रीनवर दिसतंही तसंच. पण व्हीई इंजिनाने ठरवलेला असतो. कॅम, हेडर, इनटेक बदला, तो बदलेल. तुमचं काम तो शोधून काढायचं. टार्गेट मात्र सर्वस्वी तुमच्या मर्जीचं.

500 सीसीचा एक सिलिंडर घ्या. मॅनिफोल्डमध्ये 100 किलोपास्कल, हवा 20 अंश सेल्सियस. पूर्ण भरला तर साधारण 600 मिलिग्रॅम हवा. व्हीई 85 असेल तर 510. टार्गेट 14.7 असेल तर पेट्रोल 34.7 मिलिग्रॅम, 12.75 असेल तर 40. हवा दोन्ही वेळी तेवढीच, मग व्हीईला हात का लावायचा?

आता उलटी बाजू. व्हीई 80 लिहिलाय, टार्गेट 12.8, वाइडबँड (एक्झॉस्टमध्ये एएफआर मोजणारा सेन्सर) दाखवतो 13.6. म्हणजे धरल्यापेक्षा जास्त हवा आत येतेय. जुना व्हीई गुणिले मोजलेला एएफआर भागिले टार्गेट: 85. झालं काम. त्याऐवजी टार्गेट 12 केलं तरी मीटरवर 12.8च्या आसपास आकडा येतो आणि सगळं जुळल्यासारखं वाटतं. मग ऑटोट्यून (मोजलेल्या एएफआरवरून व्हीई आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर) चालू होतं. त्याला ते खोटं टार्गेट खरं वाटतं, ते व्हीई वाढवत नेऊन खरोखर 12 गाठतं. गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पुन्हा टार्गेट वर. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या, की दोन्ही टेबलांतला एकही आकडा भरवशाचा उरत नाही.

अर्थात इंधनाच्या हिशेबात ईसीयूने टार्गेट धरायला हवं. मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनो या दोन्ही ईसीयूंत तशी सेटिंग आहे. ती बंद असेल तर रिचपणा व्हीईतच मुरतो आणि फुल थ्रॉटलकडे टेबलात खोटा उंचवटा येतो. मी ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवतो; मधेच बदलली तर व्हीईचे आकडे नव्याने बसवावे लागतात.

आणि शक्य असेल तर लॅम्ब्डातच (एएफआर भागिले त्या इंधनाचं पूर्ण ज्वलनाचं गुणोत्तर) काम करा. पेट्रोलवर बेतलेला मीटर ई85 (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) वरही लॅम्ब्डा 1 ला 14.7च दाखवतो, खरं गुणोत्तर 9.8च्या घरात असताना.

लीनपणा फक्त आयडलला आणि कमी लोडवर दिसत असेल, तर व्हीई बदलण्याआधी इंजेक्टरचा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यावर उघडायला लागणारा वेळ) तपासा. सेन्सरच्या अलीकडचा एक्झॉस्टचा जॉइंटही बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी वाइडबँड लीनच दाखवतो.