मालीश करणाऱ्याचा अंगठा

तालमीत कुस्तीला उतरण्याआधी पहिलवान दंड-बैठका काढून अंग गरम करतो. त्याला मालीश करणारा मात्र तळहातावर तेल ओतून थेट कामाला लागतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. सकाळपासून चार घरी बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाई असोत किंवा पंचकर्म केंद्रात दिवसभर अभ्यंग करणारे परिचारक, त्यांचीही गत निराळी नसते. या कामात बहुधा सर्वांत आधी कुरकुरतो तो अंगठा.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटालगत, खोगिराच्या आकाराचा सांधा असतो. त्यामुळे अंगठा हवा तसा फिरतो, पण तेवढाच तो डळमळीतही असतो. चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर या सांध्यावर सरासरी सुमारे १२ किलोंचा भार येतो, असे गणित १९७७ साली मांडले गेले. टोकाशी लावलेला जोर तरफेच्या न्यायाने मुळाशी वाढतो आणि सांधा जागेवर ठेवण्यासाठी भोवतालचे स्नायूही त्याला आवळून धरतात. मालीश म्हणजे चिमूट नव्हे, हे मान्य; तरी पाठीतल्या गाठीवर अंगठा वाकवून रोवणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

नुसते तळहात चोळल्याने हात तयार होत नाहीत. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरून बोटे पेटी वाजवल्यासारखी हलवली, तर कातडीखाली स्नायू सळसळताना जाणवतात. बोटांना ओढणारे मोठे स्नायू तिथे असतात आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, दोऱ्यांसारख्या मनगटातून पुढे जातात. म्हणून खांदे व कोपर फिरवणे, मुठी उघडणे-मिटणे, मनगटे हलकेच फिरवणे आणि दहा-पंधरा बैठका, अशी पाच-सात मिनिटे आधी द्यावीत. स्नायू तापले की त्यांचे आकुंचन जलद होते, मज्जातंतूंतील संदेशांचा वेग वाढतो आणि सांध्यांतले वंगण पातळ होऊन नीट पसरते. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने तिचे पोषणही या वंगणातून, हालचालीमुळेच होते. स्नायू ताणून बराच वेळ धरून ठेवण्याचे व्यायाम मात्र कामानंतर करावेत, कारण त्यांनी ताकद काही काळ किंचित घटते.

अर्थात, दिवसभर चुकीच्या पद्धतीने जोर लावला, तर सकाळची तयारी वाया जाते. मुळात जोर हातांनी लावायचाच नाही. एक पाय पुढे, एक मागे ठेवून, पाठ सरळ राखून शरीराचे वजन पुढे झुकू द्यावे. अंगठा सरळ ठेवून त्यावर दुसरा हात टेकवावा आणि मांडीसारख्या मांसल जागी अंगठ्याऐवजी कोपराखालचा हात वापरावा. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मुठीला लागेल इतपत टेबल उंच असावे. जमिनीवर पाय पसरून बाळाला पायांवर घेणाऱ्या बाईंना ही सोय नाही. त्यांनी निदान भिंतीला पाठ टेकवावी आणि बुडाखाली घडी केलेली सतरंजी घ्यावी.

दोन लक्षणे अंगावर काढू नयेत. कपडे पिळताना मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला कळ येत असेल, तर तिथल्या दोन कंडरांचे आवरण जाड झालेले असू शकते; स्विस शल्यविशारद डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली वर्णन केलेला हा विकार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटात मज्जातंतू दबल्याची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे. या मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येतात. करंगळी बहुधा सुटते, कारण तिचा मज्जातंतू वेगळ्या वाटेने जातो.