हरणाऱ्या फुटबॉल टीमच्या हेड कोचची नोकरी

प्रोफेशनल फुटबॉलमध्ये टीम लागोपाठ हरायला लागली की हेड कोचची खुर्ची हलायला लागते, आणि हातात चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असलं तरी त्याने नोकरी वाचत नाही, फार तर भरपाई मिळते. मँचेस्टर युनायटेडने एरिक टेन हाग यांचं कॉन्ट्रॅक्ट जुलै 2024 मध्ये वाढवलं आणि ऑक्टोबरमध्ये टीम लीगमध्ये 14व्या नंबरवर असताना त्यांना नारळ दिला. आधी काय जिंकलंय तेही कामाला येत नाही. क्लॉदियो रानिएरींनी 2016 मध्ये लेस्टर सिटीला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकून दिली, कुणी स्वप्नातही आणली नव्हती अशी गोष्ट, तरी वर्ष व्हायच्या आत फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांना काढलं कारण टीम 17वी होती आणि खालच्या तीन टीमपेक्षा जेमतेम एका पॉइंटने वर.

भीती असते ती रेलिगेशनची. प्रीमियर लीगमधल्या 20 पैकी शेवटच्या तीन टीम खालच्या डिव्हिजनला जातात, टीव्हीचा पैसा एकदम आटतो, चांगले प्लेयर विकावे लागतात. सीझनच्या मधे अख्खी टीम बदलता येत नाही, ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेयर घ्यायची-विकायची मुदत, जानेवारी सोडला तर बंद असते, मालक स्वतःला तर काढणार नाही, मग उरतो कोच. म्हणून चुकीचे प्लेयर भले दुसऱ्याच कुणी घेतलेले असोत, किंमत कोचच मोजतो आणि हे सरळसरळ अन्यायाचं आहे. बोर्डाने "आमचा कोचवर पूर्ण विश्वास आहे" असं जाहीर केलं की फॅन लोक उलट धोक्याची घंटा समजतात, आणि इंटरनॅशनल ब्रेक, म्हणजे देशांच्या मॅचसाठी लीगला सुट्टी, आला की जास्तच, कारण नवीन माणसाला तेवढेच दोन आठवडे मोकळे मिळतात.

काढून फायदा होतो का? लेस्टरमध्ये रानिएरींचे असिस्टंट क्रेग शेक्सपियर आले आणि लीगच्या पहिल्या पाचही मॅच जिंकल्या, टीम वाचली, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनाही डच्चू मिळाला. डच लीगच्या एका अभ्यासात कोच बदललेल्या टीमची तुलना तितक्याच वाईट फॉर्ममधल्या पण कोच न बदललेल्या टीमशी केली तर दोन्हीकडे सुधारणा जवळपास सारखीच निघाली, म्हणजे वाईट काळ बऱ्याचदा आपोआपच संपतो आणि श्रेय नवीन कोचला जातं. वॉटफर्डने 2019-20 च्या एकाच सीझनमध्ये हावी ग्रासिया, किके सांचेझ फ्लोरेस आणि नायजेल पिअर्सन अशा तिघांना काढलं आणि तरीही टीम खाली गेलीच.

कोचला न काढता थांबलेल्या क्लबांची उदाहरणं कमी आहेत पण ठळक आहेत. डिसेंबर 1989 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड ग्राउंडवर त्यांचे तेव्हाचे कोच अॅलेक्स फर्ग्युसन यांना निघून जा सांगणारा बॅनर लागला होता, जानेवारीत एफए कप या इंग्लंडच्या नॉकआउट स्पर्धेत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सच्या एका हेडरवर युनायटेड जिंकली, पुढे तो कपही जिंकला आणि फर्ग्युसन 2013 पर्यंत राहिले. आर्सेनलने 2021-22 च्या पहिल्या तिन्ही लीग मॅच हरून तळाला गेल्यावरही मिकेल आर्तेतांना ठेवलं, पुढच्या सीझनला टीम दुसरी आली. आणि जर्मनीचं फ्रायबुर्ग तर 2015 मध्ये खालच्या डिव्हिजनला गेलं तरी क्लबने ख्रिस्तियान श्ट्रायख यांना काढलं नाही, एका सीझनमध्ये ते टीमला परत वर घेऊन आले आणि 2024 मध्ये स्वतःच्या मर्जीने गेले.