रंग व आकार यांचे शिक्षण (बालवयातील इंग्रजी)

इंग्रजी ही घरची भाषा नसलेल्या, साधारणपणे तीन ते आठ वर्षांच्या मुलांना रंग व आकार यांची इंग्रजी नावे शिकवण्याची पद्धती. तक्ते, ठोकळे, रंगीत खडू व बडबडगीते ही तिची परिचित साधने होत.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो कोमेनिअस या चेक शिक्षणतज्ज्ञाच्या ऑर्बिस पिक्टस (१६५८) या लॅटिन-जर्मन सचित्र पुस्तकापर्यंत मागे नेतात. चित्र व शब्द यांची जोडी त्यात आहे. वस्तू प्रत्यक्ष हाताळण्याची योजना मात्र नाही. त्यामुळे किंडरगार्टनचा (बालोद्यानाचा) जनक, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल याच्यापासून (१७८२–१८५२) आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच्या साधनमालेतील पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू आणि दुसऱ्यात लाकडी गोल, घन व वृत्तचिती (दंडगोल) असत. आकार, संख्या व भाषा या, स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोत्सीच्या त्रयीचा प्रभाव त्यामागे दिसतो.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात (बालशाळेत) रंगपाट्या व भौमितिक आकारांच्या खोबणीच्या चौकटी वापरात आल्या. तिच्या आरंभीच्या लेखनात रंगपाट्यांचे आठ रंग व प्रत्येकी आठ छटा, म्हणजे ६४ भेद येतात. पुढे रूढ झालेल्या संचात नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, म्हणजे ६३ आढळतात. नावे शिकवण्याचा तीन पायऱ्यांचा पाठ तिने एद्वार सेगँ (१८१२–८०) या फ्रेंच वैद्याकडून घेतला. प्रथम शिक्षक नाव सांगतो (‘धिस इज रेड’), मग ते ओळखायला लावतो (‘गिव्ह मी द रेड वन’) आणि शेवटी विचारतो (‘व्हॉट कलर इज धिस?’). दुसरी पायरी सर्वांत लांब ठेवावी. पुष्कळ वर्गांत ती गाळून थेट प्रश्न विचारला जातो आणि बुजरे मूल गप्प बसते. सेगँची पद्धत मतिमंद मुलांसाठी होती. परभाषेच्या अध्यापनात ती केव्हा शिरली, हे निश्चित सांगता येत नाही. ऐकून कृती करण्यावर भर देणारी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशरची पद्धती (१९६० चे दशक) या दुसऱ्या पायरीच्या जवळची आहे.

रंगनामे मुलांना अवघड जातात, हे चार्ल्स डार्विननेही १८७७ च्या सुमारास आपल्या मुलांविषयी नोंदवले होते. ब्रेंट बर्लिन व पॉल के या अमेरिकन अभ्यासकांच्या मते (१९६९) इंग्रजीत ११ मूलभूत रंगनामे आहेत. पण सर्व एकाच आठवड्यात उरकण्याचे कारण नाही. वाक्यातील क्रमाचाही परिणाम होतो. २०१० च्या एका अभ्यासानुसार ‘द बॉल इज रेड’ अशा, वस्तू आधी व रंग नंतर येणाऱ्या, वाक्याने रंगनाम शिकण्यास मदत होते. मराठी मुलाला ‘पिवळा चेंडू, पिवळी गाडी, पिवळे फूल’ असे बदलते विशेषण सवयीचे असले, तरी इंग्रजीतील न बदलणारे विशेषण जड जात नाही.

आकारांविषयीचे साहित्य त्यामानाने तुटपुंजे आहे. पाया खाली असलेला समभुज त्रिकोणच वारंवार दाखवला, तर उलटा किंवा निमुळता त्रिकोण मुले त्रिकोण मानत नाहीत. म्हणून निरनिराळ्या ठेवणीचे नमुने द्यावेत.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे बिया, पाने, शिंपले अशा स्थानिक वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. ते इंग्रजीसाठी नव्हते. तथापि संकल्पना मुलाच्या परिसरातून आणि त्याच्या बोलीतून देण्याची त्यांची दृष्टी इथे फार मोलाची आहे. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यानंतर रंग-आकार थेट इंग्रजीतच शिकवावेत, असा एक पक्ष पुढे आला. आधी मातृभाषेत संकल्पना आणि मग इंग्रजी नाव, असे दुसरा पक्ष मानतो. ज्या मुलाला रंगांतील फरकच अद्याप नीट उमगलेला नाही, त्याच्यापुढे फरक व परके नाव ही दोन ओझी एकदम येतात; म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल व हिरवा यांतील भेद जन्मतःच दिसत नाही. त्यांची चूक भाषेची समजू नये. शंका आल्यास नेत्रतपासणी करून घ्यावी.