घड्याळाचा कापडी पट्टा चावतो? फेकू नका, बसवून घ्या

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“भाऊ, पट्टा मजबूत हाय, पण मनगटाले चावते.” बाजाराच्या दिवशी हे वाक्य आमच्या दुकानात चार-पाचदा तरी ऐकू येतं. माणूस घड्याळ काढून काउंटरवर ठेवतो, मनगटावर उमटलेला बक्कलाचा लाल ठसा दाखवतो आणि दुसरा पट्टा मागतो. बहुतेक वेळा आम्ही दुसरा पट्टा देत नाही. तो नवा पट्टाही त्याच मापाचा, त्यामुळे तोही चावणार. आमच्या दुकानात एका बाजूला घड्याळदुरुस्तीचं टेबल आहे आणि दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. या दोन्हींच्या मदतीने जुनाच पट्टा तुमच्या मनगटाच्या मापाचा करून देता येतो. त्यात आम्ही काय करतो, तुम्हाला घरी काय करता येईल आणि काय करू नये, ते या पत्रकात सांगितलं आहे.

पट्टा कोणता आहे, ते आधी पाहा

पलंगाची नवार सगळ्यांनी पाहिली आहे. कापडी पट्टा म्हणजे तशीच विणलेली अरुंद पट्टी, बहुधा नायलॉनची. बाजारात तिचे मुख्य चार प्रकार मिळतात.

पहिला, ज्याला सगळे ‘नाटो पट्टा’ म्हणतात तो. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये सैनिकांच्या घड्याळासाठी या पट्ट्याचं माप ठरवून दिलं: रुंदी २० मिलिमीटर, लांबी २८० मिलिमीटर. घड्याळाच्या दोन्ही टोकांना पट्टा अडकवायच्या बारीक पिना असतात. एकच लांब पट्टी त्या दोन्ही पिनांखालून जाते आणि बक्कलापाशी तिला आणखी एक आखूड पट्टी शिवलेली असते. एक पीन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, खाली पडत नाही. म्हणून पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं हाच पट्टा मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरा दोन तुकड्यांचा, चामड्याच्या पट्ट्यासारखा. तिसरा वेल्क्रोचा. चौथा पर्लॉनचा, म्हणजे वेणीसारखा विणलेला. त्याला भोकंच नसतात. बक्कलाचा काटा विणीत कुठेही घुसवता येतो.

बक्कल कुठे येतं?

चावण्याचं मूळ नव्वद टक्के इथेच आहे, असं आमचं इतक्या वर्षांचं मत. पट्टा खरखरीत आहे, कापड वाईट आहे अशी तक्रार घेऊन लोक येतात, आणि दोष निघतो बक्कलाच्या जागेचा. तळहात वर करून पाहा. बक्कल मनगटाच्या मधोमध, सपाट भागावर असायला हवं. ते कडेला सरकलेलं असेल तर हाडावर टेकणारच.

शाळेतल्या एका मॅडमचा पट्टा नुकताच केला, त्याचंच माप सांगतो. मनगटाचा घेर १४.५ सेंटिमीटर. घड्याळ वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ४.५ सेंटिमीटर. उरले १०, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. पण दोन तुकड्यांच्या तयार पट्ट्यात बक्कलाचा तुकडा साधारण साडेसात सेंटिमीटरचा येतो. म्हणजे बक्कल मध्य ओलांडून अडीच सेंटिमीटर पुढे, थेट अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर. डाव्या हातात हजेरीचं रजिस्टर धरलं की तिथेच टोचायचं. मॅडमनी तो पट्टा सैल करून पाहिला, घट्ट करून पाहिला, वर्षभर घड्याळ पर्समध्ये ठेवून पाहिलं.

आम्ही बक्कलापाशी शिवण उसवली, बक्कल काढलं, तुकडा दोन सेंटिमीटर आखूड केला, काट्यासाठी नवी खाच पाडली आणि बक्कल परत बसवून चौकोनात फुली अशी शिवण मारली. मशीनला १८ नंबरची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा. सुती दोरा घामाने कुजतो, तो इथे वापरू नये. मग दुसऱ्या तुकड्याची शेपूट, म्हणजे बक्कलातून बाहेर येणारं टोकही, दोन सेंटिमीटर कापली, नाहीतर ती बाहेर लोंबत राहिली असती. सगळं काम चाळीस मिनिटांचं. तीन महिने झाले, घड्याळ हातावर आहे.

नाटो पट्टा असेल तर

इथे दोन त्रास असतात. घड्याळाच्या पाठीखाली कापडाचे दोन थर येतात, त्यामुळे घड्याळ मनगटावर अडीच-तीन मिलिमीटर उंच बसतं आणि शर्टाच्या बाहीत अडकतं. दुसरं म्हणजे ती आखूड पट्टी घड्याळाला एका जागी जखडून ठेवते, मग बक्कल मधोमध आणायला जागाच राहत नाही.

उपाय सोपा आहे: आखूड पट्टी काढून टाकायची. एक थर कमी होतो, आणि घड्याळ लांब पट्टीवर मागेपुढे सरकवून बक्कल हवं तिथे आणता येतं. पण कापताना सांभाळा. बक्कल ज्या शिवणीने धरलेलं असतं, त्याच शिवणीत ही आखूड पट्टी अडकवलेली असते. शिवणीला लागून कात्री चालवली तर आठ दिवसांत बक्कल हातात येईल. शिवणीच्या पुढे तीन-चार मिलिमीटर सोडून कापा आणि कापलेली कड वितळवून घ्या. एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवावी लागेल: आखूड पट्टी काढल्यावर घड्याळ पट्टीवर मोकळं असतं. हातातून काढताना पट्टी तिरपी धरली तर ते सरकून फरशीवर पडेल. काढताना घड्याळाला हाताने आधार द्या.

अंगठीएवढं मनगट असणाऱ्या पोरासोरांना २८ सेंटिमीटरची पट्टी फारच लांब पडते. उरलेली शेपूट ते कड्यांमधून दोनदा दुमडून घालतात आणि मनगटाच्या कडेला तिचा गोळा तयार होतो. ती कापून घ्या.

कड वितळवणे

नायलॉन आणि पॉलिएस्टर उष्णतेने वितळतात, म्हणून कापलेली कड बंद करता येते. कापड ओळखायचं असेल तर एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटवा. नायलॉनचा धागा आक्रसून त्याचा कडक मणी होतो. सुताचा धागा कागदासारखा वास येत जळतो आणि मऊ राख उरते. सुती पट्ट्याची कड वितळत नाही, ती दुमडून शिवावीच लागते.

लायटरच्या ज्योतीच्या खालच्या निळ्या भागाजवळ, पण जरा लांबच, कड धरा. पिवळ्या ज्योतीने काजळी धरते. कड चकाकली की लगेच जुन्या चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. बोटाने कधीच दाबू नका. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं. बरेच जण घरी कड जाळतात पण दाबत नाहीत. मग तिथे खड्यासारखी कडक गाठ राहते आणि दिवसभर मनगट खरवडते. “कापल्यापासून जास्तच चावते” म्हणून आलेल्या दहा पट्ट्यांत आठ तरी असेच असतात. टोकाचे दोन्ही कोपरे गोल करायलाही विसरू नका.

नवं भोक पाडायचं तर पंच वापरू नका, विणीतले धागे तुटून सुटत जातात. आम्ही सोल्डरिंग आयर्नच्या बारीक टोकाने भोक पाडतो, कड तिथल्या तिथे बंद होते. दोन भोकांच्या मध्ये तिसरं पाडून मागू नका. मधलं कापड इतकं कमी उरतं की जोर पडला की तिन्ही एक होतात. अर्ध्या भोकाचा फरक हवा असेल तर पर्लॉनचा पट्टा घ्या, किंवा आम्ही इलॅस्टिकचा तुकडा जोडून देतो.

उन्हाळा, आणि आमची एक चूक

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उष्णतेने हात फुगतात. सकाळी बरोबर बसलेला पट्टा दुपारी काचतो. एका काकाजींची शेपूट आम्ही डिसेंबरच्या सकाळी अगदी मापात कापून दिली होती, दिसायला फार सुबक. एप्रिलमध्ये ते परत आले: “सायंकाळी हात फुगते जी, पट्टा लागतच नाही.” कापलेलं परत जोडता येत नाही. त्यांना नवा पट्टा आम्ही आमच्या खर्चाने दिला. तेव्हापासून माप दुपारनंतरच घेतो, आणि शेवटच्या वापरातल्या भोकापुढे दोन भोकं राखूनच कापतो.

घरी माप घ्यायचं असेल तर दुपारी चार-पाचच्या सुमारास, हात खाली सोडून दोन मिनिटं थांबल्यावर घ्या. कागदाची पट्टी मनगटाभोवती गुंडाळा, जिथे जुळते तिथे पेनाने खूण करा आणि ती पट्टीच घेऊन या. पट्टा बांधल्यावर खालून करंगळी सहज जायला हवी.

इलॅस्टिकबद्दल: बक्कलाच्या बाजूला दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा जोडला की पट्टा हाताबरोबर सैल-घट्ट होतो. ट्रॅक्टरवर दिवस काढणाऱ्यांना हा बदल फार मानवतो. मात्र इलॅस्टिक दीड-दोन वर्षांत ढिलं पडतं, ते बदलावं लागेल.

सुती पट्टा चांगला की नायलॉनचा?

कापसाच्या मुलखात हा प्रश्न येणारच. सूत कातडीला मऊ लागतं, यात वाद नाही. पण ते नायलॉनच्या दुप्पट ओल धरतं, वाळायला वेळ लावतं आणि धुतल्यावर आटतं. पूर्ण सुती पट्टा रोवणीच्या चिखलात किंवा पावसाळ्यात दिवसभर ओलाच राहतो, आणि ओल्या पट्ट्याखाली खाज सुटते. आम्ही सुचवतो ते असं: पट्टा नायलॉनचाच ठेवा आणि फक्त बक्कलाखाली, जिथे धातू कातडीला लागतो तिथे, मऊ सुती कापडाचं अस्तर लावून घ्या. ते कापड आम्ही आधी दोनदा धुऊन आटवून घेतो.

अस्तर लावूनही बक्कलाच्या आकाराचा लाल चट्टा उठत असेल तर बहुधा बक्कलाच्या मुलाम्यातलं निकेल सोसत नाही. स्टेनलेस स्टीलचं बक्कल बसवून पाहा. चट्टा तरीही गेला नाही, किंवा त्यातून पाणी येऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. पट्टा बदलून ते बरं होणार नाही.

कापूस वेचायला जाणाऱ्या मावश्यांनी वेल्क्रोचा पट्टा घेऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. त्याच्या बारीक आकड्यांत कापसाचे तंतू भरतात आणि चार दिवसांत पट्टा धरेनासा होतो. घेतलाच असेल तर जुन्या टूथब्रशने आकडे साफ करत राहा. वेल्क्रोची टोचणारी कड मात्र आम्ही आत दुमडून शिवून देतो.

स्मार्ट वॉच वापरणाऱ्यांसाठी: घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीवर पडून नाडी मोजतो. मधून कापड गेलं तर मोजणी होत नाही. म्हणून त्याला दोन तुकड्यांचाच पट्टा लावा.

फवारणीला जाताना घड्याळ घरी ठेवा

हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला तोंडी सांगतो, इथेही लिहितो. कापडी पट्टा औषध शोषून घेतो आणि कातडीला तासन् तास लावून ठेवतो. हात धुतले तरी पट्ट्यातलं औषध तिथेच राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फवारणीत पट्टा भिजलाच तर धुऊन परत वापरू नका, टाकून द्या. घड्याळ पुसून आणा, त्यावर साधा नायलॉनचा पट्टा आम्ही खरेदीच्या भावात लावून देऊ.

मळणीयंत्र, कडबाकुट्टी किंवा मोटारीच्या पट्ट्याजवळ काम करतानाही घड्याळ काढून ठेवा. नायलॉनचा पट्टा लवकर तुटत नाही, आणि अशा जागी तेच जिवावर बेतू शकतं.

धुणे आणि पीन

आठवड्यातून एकदा पट्टा घड्याळातून काढून अंगाच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, घामाचे पांढरे डाग निघेपर्यंत. सावलीत वाळवा. ब्लीच नको.

पट्टा घेताना घड्याळाच्या दोन शिंगांमधलं, म्हणजे पीन जिथे बसते त्या दोन टोकांमधलं, अंतर मोजून आणा: १८, २०, २२ मिलिमीटर, जे असेल ते. १८ च्या जागी २० चा पट्टा कोंबला तर कडा मुडपतात आणि तिथूनच धागे सुटतात. पिना दर वेळी तपासून घ्या. पट्टा कितीही भारी असला तरी घड्याळ शेवटी त्या पिनांवरच लटकलेलं असतं.

आमचे दर

शेपूट कापून कड बंद करणे २० रुपये. नवं भोक ५ रुपये. नाटोची आखूड पट्टी काढणे २० रुपये. बक्कल सरकवून शिवणे ६० रुपये. इलॅस्टिक किंवा अस्तर ५० रुपये. पीनजोडी १० रुपये. पट्टा आमच्याकडून घेतलेला असो वा नसो, दर तेच.

शिवणीचं काम असेल तर बाजाराचा दिवस सोडून या, त्या दिवशी मशीनला फुरसत नसते. शक्यतो ज्याचं घड्याळ आहे त्यानेच यावं, आणि दुपारनंतर यावं. बक्कल मनगटावर ठेवून, हात हलवून पाहून मगच आम्ही खूण करतो.